वायरीचा झोळ

"वायर सरळ प्लगात नेऊ नका. आधी खाली झोळ द्या, मग वर घ्या."

पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रिकच्या बाजारात, एलईडी पट्टी घेताना दुकानातले काका म्हणाले. मी विचारलंही नव्हतं. माशांच्या दोन फुटी टाकीसाठी तयार लाइट परवडेना, म्हणून जमवाजमव चालली होती. 6500 केल्विनची, म्हणजे दिवसासारख्या पांढऱ्या उजेडाची पट्टी, 12 व्होल्टचा अडॅप्टर, उष्णता ओढून घ्यायला अ‍ॅल्युमिनियमचं चॅनल.

काकांनी बिलाच्या पाठीमागे पेनने वायर काढली. खाली आलेली, मग वर वळलेली. वळणाच्या तळाशी एक थेंब. "पाणी वायरीवरूनच उतरतं. ते इथे ठिपकेल, प्लगात शिरणार नाही."

घरी तसंच केलं. लाइट लागला, टाकीतल्या वॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीची पाती हिरवीगार उजळली. रात्री झाकणावरची वाफ थेंब होऊन वायरीवरून घरंगळली, वळणावर थबकली आणि फरशीवर पडली. मी बघतच बसलो. आमची लेक रोज ओल्या हातांनी माशांना दाणे टाकते, प्लगाच्या अगदी शेजारी.

इतके दिवस मी उजेड किती पडेल आणि पैसे किती वाचतील, एवढंच मोजत होतो. काकांना मात्र न पाहिलेल्या घरातलं पाणी दिसलं.

तुमच्या टाकीची वायर कशी लोंबतेय, आज एकदा बघाल का?