उसण, चेटकीण आणि माझा योगवर्ग

जर्मनीत, शाळेच्या हॉलमधल्या माझ्या पहिल्याच योगवर्गात मी 'उजवा पाय वर उचला' म्हणाले आणि पहिल्या रांगेतल्या आजोबांनी दोन्ही हातांनी स्वतःची मांडी गच्च धरली. पाय जमिनीवरच. मी पुन्हा म्हणाले, 'हेबन'. त्यांनी आणखी घट्ट धरली. मागच्या बायका खुसुखुसु हसायला लागल्या आणि मला घाम फुटला. आठवडाभर आरशासमोर घोकलेलं वाक्य होतं ते.

वर्ग सुटल्यावर एकीनं उलगडा केला. पुस्तकी जर्मनमध्ये 'हेबन' म्हणजे उचलणं. पण आम्ही राहतो तो स्टुटगार्टच्या आसपासचा मुलूख श्वाबियन बोलीचा, आणि श्वाबियनमध्ये 'हेबन' म्हणजे धरून ठेवणं. उचलायला त्यांचा वेगळा शब्द आहे, 'लुप्फन'. आजोबांना माझं म्हणणं अर्थातच कळलं होतं. चाळीस वर्षं घरोघरी टपाल वाटलेला माणूस तो, शुद्ध जर्मन न कळायला काय झालं? नव्या बाईची जरा फिरकी घेतली, इतकंच. त्या रात्री मी जेवताना नवऱ्याला सांगितलं की मी काही परत त्या हॉलमध्ये जाणार नाही. पुढच्या मंगळवारी गेले. दहा आठवड्यांचा करार होता, न जाऊन सांगते कुणाला.

मी मूळची साताऱ्याची. लोणावळ्याच्या कैवल्यधाम या योगसंस्थेतून पदविका घेतली आणि पुण्यात सहा वर्षं सोसायट्यांच्या क्लबहाउसमध्ये सकाळचे वर्ग घेतले. मग नवऱ्याला इथे गाड्यांच्या कंपनीत काम मिळालं. त्याचं ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना, असल्यामुळे मला आधी जर्मनची परीक्षा द्यावी लागली नाही आणि आल्या दिवसापासून काम करायची, अगदी स्वतःचा व्यवसाय करायचीसुद्धा परवानगी होती. म्हणजे कागदोपत्री मोकळी आणि प्रत्यक्षात मुकी. तेव्हा मला वाटायचं, आपण भारतातून आलेलो, तेही पुण्याहून, योग शिकवणार. हे लोक आपली वाटच बघत असतील.

पुण्याचं नाव चालतं, हे खरं. 'पुणे' म्हटलं की इथले योगवाले लगेच म्हणतात, 'म्हणजे अय्यंगार!' १९७५ साली सुरू झालेली योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांची पुण्यातली संस्था त्यांच्यासाठी तीर्थक्षेत्र आहे, कितीतरी जण महिना महिना राहून आलेत. मी मॉडेल कॉलनीतून शंभरदा रिक्षानं गेले असेन, आत एकदाही गेलेले नाही. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा असा पडतो, की पंढरपुरात राहून विठोबा न पाहिलेल्या माणसाकडे बघावं.

त्या हॉलच्याही आधी सुरुवात एका स्टुडिओत झाली. नाव घेत नाही. त्यांना शिक्षिका नको होती, भारतीय बाई हवी होती. फोटोसाठी साडी, कपाळावर मोठं कुंकू, सुरुवातीला संस्कृत श्लोक. माझे श्लोक चांगले आहेत हो, पण शिकवायला बसलेल्या बाईला गुडघ्याच्या दुखण्याबद्दल एक वाक्य बोलता येत नसेल तर त्या श्लोकांचं करायचं काय? पैसे डोक्यामागे. पावसात चारच डोकी आली तर चारांचेच. दोन महिन्यांत सोडलं.

मग फोल्क्सहोखशूल सापडली. आपल्याकडे याला नेमका शब्द नाही. गावोगावी असलेली, नगरपालिकेच्या आधारानं चालणारी संध्याकाळची लोकशाळा म्हणा. १९१९च्या वायमार राज्यघटनेतच अशा शाळांना पाठबळ द्यावं असं लिहिलेलं आहे. एका मजल्यावर स्पॅनिश, दुसऱ्यावर शिवणकाम, कुठे निर्वासितांचा जर्मनचा वर्ग, आणि प्राथमिक शाळेच्या व्यायामशाळेत, रबरी चेंडूंच्या वासात, योग. इथे साडी कुणी मागितली नाही. मागितलं ते प्रमाणपत्र, विम्याचा कागद आणि वेळेवर किल्ली परत.

आणि इथेच माझी खरी शाळा भरली. योग शिकवायला फार जर्मन लागत नाही, असं मला वाटत होतं. उलट आहे. दुकानात बोट दाखवून भागतं. पण डोळे मिटून पडलेल्या पंधरा माणसांना बोट काय दाखवणार? तिथे नुसता शब्दच लागतो, आणि तो नेमका लागतो. मी फिजिओथेरपीच्या दवाखान्यातला स्नायूंचा तक्ता विकत आणून स्वयंपाकघरात फ्रिजवर लावला. पोळ्या लाटताना पाठांतर.

त्या तक्त्यानं मला या भाषेच्या प्रेमात पाडलं. खांद्याच्या फऱ्याला हे 'खांद्याचं पान' म्हणतात. बरगड्यांचा पिंजरा यांच्याकडे 'छातीची टोपली' आहे. गळ्याखालचं हाड 'किल्लीचं हाड'. गुडघ्याच्या मागच्या लवणीला 'गुडघ्याचा गळा'. व्यायामानंतर अंग दुखतं ते यांच्या शब्दात 'स्नायूंचा बोका', मुस्केलकाटर. दुसऱ्या दिवशी बायका फोन करून सांगतात, मला बोका झालाय. त्यांच्याकडे बोका तर आपल्याकडे माकडहाड, हे सांगितल्यावर त्या सबंध वर्गानं माकडहाडावर बसून हसून घेतलं. आणि कंबरेत अचानक चमक भरून माणूस वाकडा होतो, ते? हेक्सनशुस. चेटकिणीनं मारलेला बाण. मी ऐकलं आणि म्हटलं, अरे, ही तर आपली उसण!

सगळ्यात मोठा दिलासा मात्र 'पाय' या शब्दानं दिला. पुस्तकी जर्मनमध्ये पावलाला 'फूस' आणि अख्ख्या पायाला 'बाइन', दोन वेगळे शब्द. मी सारखी गोंधळायचे, कारण आपल्याला दोन्हीला पाय. तर श्वाबियन माणूसही अगदी तसाच निघाला. त्याचा 'फूस' बोटांपासून थेट कंबरेपर्यंत. 'फूस दुखतोय' म्हणून आलेल्या बाईचं पाऊल मी दहा मिनिटं तपासत बसले होते, दुखत होता खुबा. तेव्हापासून मी त्यांच्याच भाषेत विचारते: पाय, पण कुठे?

वर्गात एक निवृत्त लॅटिन शिक्षिका येतात. श्वासाला जर्मनमध्ये 'आटेम' म्हणतात, आणि तो शब्द आणि संस्कृतातला 'आत्मन्' एकाच मुळातून आले आहेत असं भाषाशास्त्रज्ञ मानतात, हे मला त्यांनी सांगितलं. मी इकडे येऊन आत्म्याबद्दल जे शिकले ते असं, लॅटिनच्या बाईंकडून, चटया गुंडाळताना.

त्यांनीच एकदा विचारलं की सूर्यनमस्कार पाच हजार वर्षं जुने आहेत ना? हो म्हणून टाकणं सोपं होतं, इथले निम्मे स्टुडिओ तेच सांगतात. पण माझे आजोबा आमच्या सातारा भागातल्या औंध संस्थानातल्या शाळेत शिकलेले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा ध्यास घेऊन प्रसार केला, शाळांमध्ये मुलांना रोज घालायला लावले. सूर्याला नमस्कार जुनाच, पण घाम निघेपर्यंत मोजून घालायचा हा व्यायाम आज जगभर पोचला, त्यात औंधचा मोठा वाटा आहे. आजोबा पंचाऐंशीव्या वर्षीही अंगणात बारा घालायचे, त्याला योग वगैरे कधी म्हणाले नाहीत. 'नमस्कार घालून येतो' म्हणायचे, दाढी करून येतो म्हणावं तसं. वर्गाला पाच हजार वर्षांपेक्षा हे जास्त आवडलं. एकीनं घरी जाऊन नकाशावर औंध शोधलं.

आता पैशाचं, कारण नाशिक-सोलापूरकडच्या मुलींचे निरोप येतात ते याचसाठी. 'ताई, योगशिक्षकाचा दोनशे तासांचा कोर्स झालाय, तिकडे नोकरी मिळेल का?' नोकरी जवळजवळ नसतेच गं. इथले बहुतेक योगशिक्षक स्वतंत्र व्यावसायिक आहेत. मला पहिल्या वर्षी पंचेचाळीस मिनिटांच्या तासिकेला २६ युरो मिळायचे. दीड तासाचा वर्ग म्हणजे दोन तासिका, ५२ युरो. दहा संध्याकाळींचे ५२०. जाण्यायेण्याचे, तयारीचे वेगळे नाहीत. शाळांना उन्हाळ्याची सहा आठवड्यांहून मोठी सुट्टी, तेव्हा हॉल बंद आणि उत्पन्न शून्य. नोंदणी आठच्या खाली गेली तर वर्ग रद्द. घराचं भाडं यात निघत नाही. नवऱ्याचा पगार होता म्हणून माझं निभावलं. एकटीनं येऊन हे करायचा विचार असेल तर आधी ही बेरीज करून बघा.

जे मला कुणी सांगितलं नाही आणि महागात पडलं, ते पेन्शनचं. जर्मनीत स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या बहुतेकांना सरकारी पेन्शन विमा सक्तीचा नाही. पण शिक्षकांना आहे. पदरी नोकर न ठेवता शिकवत असाल आणि किरकोळ मर्यादेपेक्षा जास्त मिळवत असाल तर हप्ता भरायचाच. पूर्ण दर उत्पन्नाच्या १८.६ टक्के, आणि मालक नसल्यामुळे दोन्ही बाजू आपणच. सुरुवातीच्या तीन वर्षांत सवलत असते, पण ती सांगणाऱ्याला. मी योगशिक्षक म्हणजे 'शिक्षक' असं धरलंच नव्हतं. चौथ्या वर्षी मागच्या हप्त्यांचं पत्र आलं. त्या वर्षी आम्ही भारतात आलो नाही.

सुस्थिती आली ती आरोग्यविम्याच्या वाटेनं. इथल्या कायद्यात असं कलम आहे की आजार होऊ नये म्हणून घेतलेल्या ठरावीक वर्गांच्या फीचा मोठा भाग विमा परत करतो. बहुतेक विमे वर्षाला असे दोन वर्ग धरतात, अट ८० टक्के हजेरीची. त्यासाठी शिक्षिका आणि तिचा अभ्यासक्रम दोघांचीही आधी मध्यवर्ती तपासणी होते. दोनशे तासांचं प्रमाणपत्र तिथे टिकत नाही. मला दोन वर्षं शनिवार-रविवारी जर्मनमध्ये पुन्हा शिकावं लागलं, लोणावळ्याचे काही तास धरले गेले. वर प्रत्येक तासाचा आराखडा मिनिटामिनिटानं लिहून द्यायचा: काय करायचं, कशासाठी, परिणाम काय. आणि त्यात कुठलाही धार्मिक, पंथीय सूर नको.

भारतातल्या काही मैत्रिणींना हे ऐकून राग आला, 'योगातला देव काढून घेतात'. मला नाही आला. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं तेच क्ष-किरण आणि दाब मोजायची यंत्रं लावून, नौली, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळायची क्रिया, करताना पोटात नेमकं काय होतं ते बघायला. त्या घराण्यात शिकलेल्या बाईला 'शवासन: सात मिनिटं, उद्देश: नाडीचा वेग कमी करणे' असं लिहिताना अवघडायचं कारण नाही. स्टुडिओतल्या कुंकवापेक्षा हा कोरडा आराखडा मला आपल्या जास्त जवळचा वाटला. ओम् मी वर्गात म्हणत नाही. गाडीत म्हणते, मोटारवेवर, गरज पडते.

आज माझे आठवड्याला सात वर्ग आहेत. एकवीस जूनच्या सुमारास सगळ्या जिल्ह्याला माझी आठवण होते, कुठल्या ना कुठल्या हिरवळीवर चटई टाकून बोलवतात. बावीसला कुणी विचारत नाही.

गेल्या नोव्हेंबरात मंगळवारच्या वर्गाआधी गाडीच्या डिकीतून चटयांचा गठ्ठा उचलला आणि कंबरेत उसण भरली. योगशिक्षिकेला! भिंत धरत हॉलमध्ये शिरले तर पंधराच्या पंधरा जण एका सुरात, 'हेक्सनशुस!' कुणी खुर्ची आणली, कुणी कोट दिला. लॅटिनच्या बाई दुसऱ्या दिवशी घरी येऊन चेरीच्या बियांनी भरलेली उशी देऊन गेल्या. ओव्हनमध्ये तापवायची आणि कंबरेला लावायची, इथल्या घराघरात असते. आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "बियांनी काय होतंय? अगं, कुणी पायाळू बघ तिकडं. एक पाय लावला की उतरती उसण."

पुढच्या मंगळवारी मी खुर्चीत बसून नुसत्या शब्दांवर वर्ग घेतला. शेवटी गंमत म्हणून आईचा उपाय सांगितला, की आमच्याकडे पायाकडून जन्मलेल्या माणसाचा पाय लावून घेतात. सगळे हसले. मग पहिल्या रांगेतून एक हात वर आला. आजोबा म्हणाले, त्यांची आई सांगायची, हा पोरगा पायांनी आला, दाई घाबरली होती.

ते उठले, शांतपणे उजवा मोजा काढला, माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि वाकून विचारलं, "हेबन की लुप्फन?"