वाचणारी मी, पण वाक्य पत्राचं

मंगळवार, रात्री

आज क्वालालंपूरच्या मलय भाषेच्या शिकवणीत चेगूंनी फळ्यावर लिहिलं : 'सुरात इतु सुदाह साया बाचा.' ते पत्र मी वाचलंय. इथे शिक्षकांना चेगूच म्हणतात. त्यांनी विचारलं, "यातला सुबजेक, म्हणजे उद्देश्य, कुठला?"

मी लगेच 'साया' म्हटलं. साया म्हणजे मी. शाळेत बाईंनी शिकवलेलं अंगात मुरलंय, क्रियापदाला 'णारा' लावून विचारायचं. वाचणारी कोण? मी.

चूक. या वाक्याचं उद्देश्य 'सुरात इतु', म्हणजे ते पत्र.

मग चेगूंनी 'यांग' लावून दाखवलं. आपल्या 'जो-जी-जे'चं काम हा शब्द करतो, पण प्रमाण मलयमध्ये तो नामाला जोडायचा तर ते नाम पुढच्या क्रियेचं उद्देश्य असावं लागतं. 'ओरांग यांग मम्बाचा सुरात इतु', म्हणजे ते पत्र वाचणारा माणूस. इथे माणूस उद्देश्य, म्हणून 'बाचा'ला, म्हणजे 'वाच' या धातूला, आधी 'मम' लागला. 'सुरात यांग साया बाचा', म्हणजे मी वाचलेलं पत्र. पत्र उद्देश्य झालं आणि 'मम' गेला. मी 'सुरात यांग साया मम्बाचा' म्हणून पाहिलं, चेगूंनी नकारार्थी मान हलवली.

'सुदाह' म्हणजे क्रिया झाल्याची खूण. फळ्यावरच्या वाक्यात तीही 'साया'च्या आधी आली होती. 'साया' थेट 'बाचा'ला चिकटलेला, मध्ये काही घालायचं नाही. बोलताना लोक 'सुरात इतु साया सुदाह बाचा' असंही म्हणतात, पण परीक्षेत ते चूक धरतात. वाचणारा तिसराच कुणी असला, तर 'बाचा'ला 'दि' लागून 'दिबाचा'.

घरी येताना मनात मराठी वाक्यं घोळत होती. मी पत्र वाचलं. मी चिठ्ठी वाचली. वाचणारी मीच, पण क्रियापद चालतं पत्राच्या, चिठ्ठीच्या लिंगाने. कर्मणी प्रयोग. चाळीस वर्षं हे बोलतेय आणि फळ्यासमोर आठवलं नाही याचं वाईट वाटलं. मलयमध्ये क्रियापद लिंगाने बदलत नाही, वचनानेही नाही. आपल्याला सवयीची ती खूणच नाही. मग शब्दाची जागा बघायची आणि 'मम' आहे की 'दि', की नुसताच धातू, ते बघायचं.

थांब्यावर शेजारच्या काकू पिशवी उचलत म्हणाल्या, "दाह साम्पाइ बास!"

आली बस! 'दाह' म्हणजे 'सुदाह'च. क्रिया आधी, उद्देश्य शेवटी, अगदी आपल्यासारखं. बसमध्ये बसल्याबसल्या वहीत लिहून 'बास'खाली रेघ मारली.