तळं आटलं म्हणून जलपर्णी गेली असं नाही

मे महिन्यात आमच्या कृषी सेवा केंद्रात गिऱ्हाईक तुरळकच असतं. सोयाबीनच्या बियाण्याची चौकशी करणारे आणि सावलीला बसणारे, एवढेच. यंदा मात्र गावातली पोरं सारखी येऊन एकच मागणी करायलेत : "दादा, टू-फोर-डी द्या, तळ्यात मारायचंय." टू-फोर-डी म्हणजे तणनाशक, आणि मारायची ती तळ्यातली जलपर्णी.

तळ्यात मारायला मी औषध देत नाही. प्रत्येकाशी काउंटरवर हुज्जत घालण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

टू-फोर-डीनं जलपर्णी मरते, हे खोटं नाही. देठ पिळवटतात, पानं करपतात आणि सगळा पाला हळूहळू खाली बसतो. गोची तिथूनच सुरू होते. एवढा पाला कुजायला लागला की पाण्यातला ऑक्सिजन संपतो. पहाटे मासे वर येऊन तोंड वासायला लागतात. सोसायटीनं सोडलेल्या रोहू-कटल्याच्या बीजाचे पैसे मग कुणी भरायचे? शिवाय तळ्याच्या खालच्या अंगाला पिण्याच्या पाण्याची विहीर आहे. आणि पावसाळ्यात फवारा वाऱ्यावर उडून शेजारच्या तुरीवर, द्राक्षावर गेला, तर त्या शेतकऱ्याला तोंड मलाच द्यावं लागणार.

"मग काय करायचं? या उन्हाळ्यात तळं आटलं की जाईलच की ती." हे पुढचं वाक्य ठरलेलं. इथंच सगळे फसतात.

2016 आठवा. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते साल. आमच्या तळ्यात तेव्हा भेगा पडल्या होत्या, पोरं मधोमध स्टंप रोवून क्रिकेट खेळायची. जलपर्णी वाळून खाकी कागदासारखी चुरा झालेली. पिडा गेली म्हणून लोक खूश. सप्टेंबरात धो धो पाऊस झाला, तळं भरलं आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत निम्मं तळं पुन्हा हिरवंगार.

झाड मेलं होतं, बी नव्हतं मेलं. जलपर्णीचं बी गाळात बसून पंधरा-वीस वर्षंसुद्धा टिकतं. खोल पाण्याखाली ते नुसतं पडून राहतं. पाणी मागं हटलं, गाळ उघडा पडला, त्याला ऊन आणि ओल दोन्ही मिळालं की उगवतं. म्हणजे आपण ज्याला दुष्काळ म्हणतो, ती हिची पेरणी. आणि मराठवाड्यात दर दोन-तीन वर्षांनी तळं तळाशी जातंच.

पण याच दिवसांत ती सगळ्यात कमजोरही असते. परवा काठावर जाऊन बघितलं. ओल्या गाळावर दोन बोटं उंचीची रोपं, पानं अरुंद, देठ अजून फुगलेले नाहीत. ओळखीचं जे रूप आहे, ते फुगीर देठ, आत फोमसारखा पांढरा भुसभुशीत गर, खाली काळ्या-जांभळ्या केसाळ मुळ्यांचा झुपका, ते नंतर पाण्यावर येतं. आत्ता चिमटीत धरून ओढलं की मुळासकट येतं. एकदा ती तरंगायला लागली की आडव्या धावत्या खोडांनी एकीला दुसरी चिकटून पसरते, आणि एक ओढायला जावं तर पन्नास मागं येतात. निम्म्या तर तुटून तिथंच राहतात.

म्हणून माझं म्हणणं असं की या तळ्याची खुरपणी करायची. जेसीबी नको, खुरपं. पाणी जसं मागं सरकेल तसा ओल्या गाळाचा पट्टाही सरकतो, त्याच्या मागं मागं जायचं. अगदी पाण्यालगत जायचं नाही, मांडीपर्यंत पाय रुततो. वरचा थर माणसाचं वजन पेलायला लागला की काढून घ्यायचं. रोपं मोठी होऊन पावसाचं पाणी त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत.

खुरपणीच्या टोळीतल्या एका मावशीला विचारलं. तिनं आधी रोपं बघितली, मग मला बघितलं. "काढायला काय, घोळीच्या भाजीसारखं निघतंय. पर रोजगार कोन देनार? रानातलं गवत काढलं की मालक देतोय. तळ्याचा मालक कोन हाय?"

याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

गंमत म्हणजे जेसीबीला पैसे निघतात. दरवर्षी गणपती विसर्जनाच्या तोंडावर तासाच्या भाड्यानं मशीन येतं, फोटो निघतात. ओली जलपर्णी म्हणजे शंभरातले नव्वद-पंच्याण्णव भाग पाणीच, म्हणजे डिझेल जाळून आपण मुख्यतः पाणी उपसतो. काढलेला ढीग बांधावरच टाकतात. पुढच्या मोठ्या पावसात त्यातलं बरंच घसरून परत तळ्यात. निदान चार दिवस वाळू देऊन लांब शेणाच्या खड्ड्यात तरी टाका. फुलोऱ्यावर आलेली मात्र खड्ड्यातही नको, बी शेतात जाईल. नाल्याच्या तोंडाजवळ सांडपाणी उतरतं, तिथल्या जलपर्णीचं खत भाजीपाल्याला वापरू नका.

तिच्या फुलांचे रील करणाऱ्यांनाही एक सांगायचंय. वरच्या पाकळीवर मोरपिसासारखा पिवळा ठिपका, फूल देखणं आहे यात वाद नाही. दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेची म्हणूनच बंगालात आली. 1936 साली तिथं तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला.

जलपर्णी खाणारे भुंगेरेच का सोडत नाही, असं विचारणाराही एक निघाला. बरोबर आहे, नीओकेटिना नावाचे तपकिरी भुंगेरे 1982 च्या सुमारास बंगळुरात आणले गेले. ते पानं खरवडतात, अळी देठ पोखरते. पण त्यांना जम बसायला वर्षं लागतात, आणि त्यांना वर्षभर जलपर्णी लागते. आमचं तळं मधेच कोरडं पडतं, तेव्हा त्यांनी कुठं जायचं? बारमाही पाण्यावर ठीक आहे.

आणि मूळ दुखणं नाला. वरच्या वस्तीचं सांडपाणी, साबण, शेतांतून वाहून आलेलं खत (त्यात माझ्या दुकानातला युरियाही असणार) सगळं तळ्यात उतरतं आणि तिला बसल्या जागी खुराक मिळतो. तो बंद करणं माझ्या हातात नाही. पण वरच्या डबक्यातून वाहत येणारी रोपं तोंडाशी अडवता येतात. नाल्यावर आडवा नायलॉनचा दोर, त्याला तरंगते कॅन, खाली जाळी, आणि अडकलेलं दर आठवड्याला काढणारा माणूस. दोर मी देतो. कॅन मात्र तेलाचे किंवा दुधाचे आणा. फवारणीच्या औषधाचे रिकामे कॅन फुकट मिळतात म्हणून कुणी उचलून आणू नका, कालच एकानं दोन आणून ठेवलेत.