जुनी होंडा सिटी (२००८–२०१३): आवाज न करणारे दोष आधी, एका नाशिककर गाडीच्या कामाची नोंद

गाडी: सिटी १.५ आय-व्हीटेक, २०१२ ची, मॅन्युअल गिअर, एमएच-१५ पासिंग, बाहेरून बसवलेलं सीएनजी किट. १४९७ सीसीचं सिंगल कॅमचं, सोळा व्हॉल्व्हचं इंजिन. टायमिंगला चेन, त्यामुळे बेल्ट बदलायची कटकट नाही.

जुनी गाडी हातात आली की माणूस आधी आवाजाच्या मागे लागतो. खड्ड्यात खटखट झाली की लिंक रॉड बदलतो, ब्रेक किंचाळला की पॅड बदलतो. या सिटीत मात्र जिवावर बेतणारे आणि इंजिन खाणारे दोष बिनआवाजाचे आहेत. म्हणून पावसाळ्याआधीच्या कामांचा क्रम उलटा लावला: गप्प बसलेले दोष आधी, बोलणारे नंतर.

एअरबॅग

ताकाता कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये एअरबॅग फुगवण्यासाठी अमोनियम नायट्रेटचं मिश्रण वापरलं होतं. वर्षानुवर्षांची उष्णता आणि दमट हवा यांनी ते खराब होतं आणि पेटताना ठरल्यापेक्षा फार जोरात जळतं. मग इन्फ्लेटरची धातूची डबीच फुटते आणि तिचे तुकडे समोरच्या माणसाच्या अंगात घुसतात. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात दिवसभर उघड्यावर उभी राहणारी गाडी आणि त्यापाठोपाठचा पावसाळा, हे चक्र त्याला पोषकच.

भारतात होंडाने यासाठी केलेले काही मोठे रिकॉल (दोष असलेल्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावणं) लक्षात ठेवा. जुलै २०१६ मध्ये १,९०,५७८ गाड्या. जानेवारी २०१७ मध्ये २०१२ साली बनलेल्या ४१,५८० गाड्या, त्यात ३२,४५६ सिटी. जानेवारी २०१८ मध्ये २०१३ च्या २२,८३४ गाड्या, त्यात २२,०८४ सिटी. म्हणजे या पिढीची सिटी घेताय आणि हा विषय काढलाच नाही, असं चालणार नाही. आरसीवरचा १७ अक्षरी चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की काम बाकी आहे का ते कळतं. बदली अधिकृत सर्व्हिस सेंटरला मोफत होते, गाडी कितव्या मालकाकडे आहे याचा काही संबंध नाही. पत्र बहुधा पहिल्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर गेलेलं असतं, त्यामुळे स्वतः तपासणं भाग आहे.

या गाडीची नोंद ‘काम पूर्ण’ अशी निघाली. पण तिथे थांबू नका. अपघातात एअरबॅग उघडलेल्या गाडीला भंगारातून काढलेली एअरबॅग बसवलेली असू शकते आणि चेसिस नंबरवरून ती कधीच सापडत नाही. विम्याच्या जुन्या दाव्यांची माहिती मागा. डॅशबोर्डच्या कडा आणि स्टिअरिंगच्या मधल्या झाकणाचा रंग उन्हात नीट बघा. इग्निशन चालू केल्यावर एसआरएसचा (एअरबॅगचा इशारा देणारा) दिवा साधारण सहा सेकंद लागून विझला पाहिजे. दिवा लागतच नसेल तर ते जास्त वाईट: कुणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. एअरबॅगच्या वायरला मल्टिमीटर कधीच लावायचा नाही. स्टिअरिंगच्या आसपास दुसरं काही काम असलं तरी बॅटरीची निगेटिव्ह काढून किमान तीन मिनिटं थांबायचं.

दाराचा स्विच

सप्टेंबर २०११ मध्ये ७२,११५ सिटी गाड्या पॉवर विंडोच्या स्विचसाठी परत बोलावल्या होत्या. काच उघडी राहून पाणी आत गेलं की चालकाच्या दारातल्या मेन स्विचमध्ये शॉर्ट होतो आणि तो तापतो. तुमची गाडी त्या यादीत नसली तरी दहा-बारा वर्षांच्या स्विचला इगतपुरी-त्र्यंबकचा पाऊस सारखाच. पॅनेल उचकटून कनेक्टर काढला. दोन पिनांवर हिरवट गंज होता. कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून पूर्ण वाळवला. स्विचचं प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडलेलं दिसलं तर साफसफाईच्या नादी न लागता नवाच घाला. दारात पाणी गेल्याची शंका असेल तर वाळेपर्यंत बटण दाबायचंच नाही.

२००८-०९ ची गाडी असेल तर आणखी एक रिकॉल बघा: फेब्रुवारी २०११, ५७,८५३ गाड्या, व्हीटेकमधली (वेगाप्रमाणे व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारी रचना) लॉस्ट मोशन स्प्रिंग. ती वाकली किंवा तुटली तर इंजिनातून विचित्र आवाज येतो, गाडी बंदही पडू शकते.

व्हॉल्व्हची फट

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि तो सार्थकी लागला. या इंजिनात व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट आपोआप सांभाळणारे हायड्रॉलिक टॅपेट नाहीत. फट स्क्रू-नटाने हाताने लावावी लागते. सीएनजी कोरडा जळतो, त्यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट कमी होते. फट वाढली तर टकटक ऐकू येते. कमी झाली तर इंजिन उलट जास्तच शांत होतं. ‘टॅपेटचा आवाज नाही, इंजिन एक नंबर’ हे वाक्य सीएनजीच्या सिटीबद्दल ऐकलं की सावध व्हायचं. शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, कडा जळते आणि हेड उतरवावं लागतं. आधीची लक्षणं एवढीच: सकाळी थंड इंजिन थरथरणं, एसी लावला की आयडलिंग पडणं, चढावर दम कमी.

इंजिन रात्रभर थंड होऊ द्यायचं, ३८ अंशांच्या खालीच माप घ्यायचं. चारही कॉइल (१० चा पाना) आणि प्लग (१६ चा सॉकेट) काढले म्हणजे क्रँक हाताने हलका फिरतो. हेड कव्हर उतरवून एक नंबरचा सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला (पिस्टन सगळ्यात वर, व्हॉल्व्ह बंद) आणला. त्याचे चार व्हॉल्व्ह मोजले की इंजिन फिरतं त्याच दिशेने क्रँक अर्धा फेरा, मग तीन, चार आणि दोन नंबर. प्रमाण माप: इनटेक ०.१५ ते ०.१९ मिमी, एक्झॉस्ट ०.२६ ते ०.३० मिमी.

इनटेकचे आठही मापात होते. एक्झॉस्टचे दोन आणि तीन नंबरचे ०.१८ ते ०.२० वर आलेले. सगळे एक्झॉस्ट ०.३० वर लावले, म्हणजे वरच्या टोकाला. सीएनजीवर फट घटतच जाणार, तेवढी जागा हाताशी राहते. नट १४ न्यूटन-मीटरला आवळताना स्क्रू किंचित फिरतो, म्हणून आवळल्यावर फीलर गेज पुन्हा घालायचाच. पातळ पट्टी ओढताना बोटाला हलकी पकड जाणवली पाहिजे. प्लगच्या विहिरीत तेल दिसलं तर हेड कव्हरच्या पॅकिंगबरोबर तिथली गोल सीलंही बदला. पुढची तपासणी २०,००० किमीला. सीएनजीवर याहून लांबवणं मला पटत नाही.

त्याच बैठकीत थ्रॉटल बॉडी साफ केली. ही वायरवर चालणारी थ्रॉटल आहे, इग्निशन चालू असताना पाकळी बोटाने ढकलू नका. नंतर इंजिनाच्या कॉम्प्युटरला आयडल (पाय न लावता चालण्याचा वेग) शिकवावं लागतं: एसी, दिवे, सगळं बंद; रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत ३००० आरपीएमवर धरायचं, मग पाय काढून पाच मिनिटं नुसती चालू ठेवायची.

खालचं काम

पुढच्या दोन्ही लिंक रॉड नवीन. लोअर आर्मचा मागचा बुश फाटला होता, तो प्रेसवर बसवून घेतला. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. जॅकवर लटकत्या चाकांनी आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं.

ब्रेकला पॅड निम्मे शिल्लक होते, पण उजव्या कॅलिपरची खालची पिन जाम, त्यामुळे आतला पॅड तिरका झिजलेला. कसारा घाट उतरताना हाच पॅड आधी तापतो आणि गाडी एका बाजूला ओढते. पिना पॉलिश करून सिलिकॉन ग्रीस, फाटलेलं रबरी बूट नवं, ब्रेक ऑइल पूर्ण बदललं. इंजिन ऑइल फिल्टरसकट ३.६ लिटर, ड्रेन बोल्टचं वॉशर दर वेळी नवं. चाकांचे नट १०८ न्यूटन-मीटर.

बाकी राहिलेलं: बाजूचं इंजिन माउंटिंग, त्यातलं द्रव झिरपायला लागलंय. सीएनजी टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने टाकी तपासणं), ती दर तीन वर्षांनी लागते; टाकीवरच्या पट्टीवरची तारीख जवळ आली आहे. आणि २०२७ मध्ये पंधरा वर्षं भरतात, तेव्हा पेठ रोडच्या आरटीओत फेरनोंदणी. त्याआधी मागचे शॉक ॲब्सॉर्बर आणि खालचा गंज बघून घ्यायचा आहे.