३८४ चौकटींतला वासुदेव

आमच्या गेममध्ये कोड माझा, संगीत मित्राचं. चित्रकार आमच्याकडे कुणीच नाही, आणि मला साधं मांजरही काढता येत नाही. घरं, झाडं, विहिरी केनी नावाच्या गेम-चित्रकाराच्या सीसीझीरो परवान्याच्या, म्हणजे कुणीही कशीही वापरावीत अशा, फुकट संचांतून घेतल्या. पण आमचा नायक वासुदेव. तयार संचांत शूरवीर, जादूगार, सांगाडे वाट्टेल तेवढे सापडतात, वासुदेव कुठून सापडणार?

शेवटी एका शनिवारी मीच एस्प्राइट हे पिक्सेल-चित्रं काढायचं सॉफ्टवेअर उघडलं. कॅनव्हास १६ पिक्सेल रुंद, २४ उंच, म्हणजे ३८४ चौकटी. इथे हाताला वळण लागत नाही. कुठली चौकट भरायची आणि कुठली सोडायची, एवढंच ठरवायचं असतं.

आधी नुसती काळी आकृती केली. टोपीला वरच्या नऊ ओळी देऊन टाकल्या, खाली अंगरख्याचा घेर पसरवला. डोळे नाहीत, रंग नाही, तरी तो वासुदेवच होता! मला फार आनंद झाला. मोरपिसांच्या टोपीने अर्धं काम आधीच करून ठेवलं होतं.

चेहऱ्याला जागाच उरली नव्हती. १९८१ च्या डाँकी काँग या गेममध्ये मारिओचे निर्माते मियामोतो यांच्यापुढेही हीच अडचण होती. केस दाखवता येईनात म्हणून मारिओला टोपी आली, नाक उठून दिसावं आणि तोंड काढावं लागू नये म्हणून मिशा आल्या. मीही तोंड गाळलं, डोळ्यांचे दोन ठिपके ठेवले. त्याचे हात हलताना दिसावेत म्हणून मारिओला ओव्हरऑल घातलं होतं. माझ्या वासुदेवाची पांढरी बाही पांढऱ्या अंगरख्यात अशीच हरवत होती. छातीवरून तांबडा शेला आडवा घेतला आणि हात दिसू लागला. मुठीपुढे गडद तपकिरी ठिपका ठेवला, झाल्या चिपळ्या.

खरी गंमत चालण्यात आली. पायघोळ अंगरख्यामुळे पाय काढायची गरजच नव्हती. अंग एक पिक्सेल वर, एक पिक्सेल खाली, घेर थोडा डावी-उजवीकडे. तरी तो चालत नव्हता, सरकत होता. मग टोपी वेगळ्या लेयरवर घेतली आणि तिची हालचाल एक फ्रेम उशिरा ठेवली. अंग वर येतं तेव्हा टोपी अजून खालीच असते, मग मागाहून वर येते. त्या एका फ्रेमने टोपीला वजन आलं, मानेला डौल आला. मी बराच वेळ त्याला नुसतं चालवत बसले.

गोडोमध्ये, म्हणजे आमचा गेम ज्या इंजिनात बनतो त्यात, आणल्यावर कडा धूसर झाल्या. टेक्स्चर फिल्टर ‘निअरेस्ट’ केल्यावर चौकटी पुन्हा टोकदार झाल्या.

रात्री मित्राला फाइल पाठवली. त्याने चिपळ्यांचा आवाज नेमका टोपी खाली येते त्या फ्रेमवर बसवला.

आता दारात सुपातून धान्य घालणारी बाई करायची आहे. तिची ओळख सुपावरून पटणार, म्हणून आधी सूपच करायला घेतलंय.