ब्रिस्टल : एका दिवसाच्या भेटीची आखणी

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकाहून रेल्वेने सुमारे पावणेदोन तासांत ब्रिस्टलला पोहोचता येते. तिकीट 'टेंपल मीड्स' स्थानकाचे आणि शक्यतो आगाऊ काढावे. 'पार्कवे' हे दुसरे स्थानक शहराच्या मध्यापासून बरेच दूर आहे.

बहुतेक प्रवासी उतरताच बंदराकडे वळतात. आम्ही मात्र प्रथम आर्नोस व्हेल दफनभूमीत गेलो आणि मराठी वाचकांनीही तोच क्रम ठेवावा, असे मला मनापासून वाटते. स्थानकापासून बाथ रोडने ती चालत अर्ध्या तासाच्या आत येते. मोगल बादशहाचे वकील म्हणून 1831 मध्ये इंग्लंडला आलेले राजा राममोहन रॉय 27 सप्टेंबर 1833 रोजी याच शहरात निवर्तले. द्वारकानाथ टागोरांच्या पुढाकाराने त्यांचे अवशेष पुढे येथे आणून त्यांवर दगडी छत्री उभारण्यात आली. ज्यांच्या ब्राह्मो समाजापासून प्रेरणा घेऊन 1867 मध्ये मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला, त्यांच्या समाधीपुढे आम्ही बराच वेळ थांबलो. दफनभूमीचे दरवाजे संध्याकाळी बंद होत असल्याने ही भेट दिवसअखेरीस ठेवू नये.

शहरातून वाहणाऱ्या एव्हन नदीला भरती-ओहोटीचा फरक इतका मोठा आहे की, ओहोटीला जहाजे चिखलात टेकत. म्हणून 1809 मध्ये दरवाजांनी पाणी अडवून येथे 'फ्लोटिंग हार्बर' तयार करण्यात आले. त्याच्या काठी, ज्या गोदीत बांधले गेले त्याच गोदीत, अभियंता ब्रुनेलचे 'ग्रेट ब्रिटन' हे जहाज उभे आहे. लोखंडी बांध्याचे आणि पाण्याखालच्या पंख्याने (प्रोपेलरने) चालणारे हे महासागरी जहाज 1843 मध्ये पाण्यात उतरले, 1857 च्या उठावाच्या वेळी सैन्य घेऊन मुंबईला आले आणि अखेर फॉकलंड बेटांवर टाकून दिलेल्या अवस्थेतून 1970 मध्ये परत आणले गेले. जहाजाभोवती पाण्याच्या पातळीवर बसवलेल्या काचेखाली उतरून गंजलेला तळ अवश्य पाहावा. तेथील हवा यंत्रांनी कोरडी ठेवलेली असते. जहाजासाठी निदान दोन तास हवेत.

धक्क्यावरून थोडे चालल्यावर एम शेड हे विनामूल्य संग्रहालय लागते, परंतु ते सोमवारी बंद असते. गुलामांच्या व्यापारातून धनवान झालेल्या एडवर्ड कोलस्टनचा, 7 जून 2020 रोजी आंदोलकांनी पाडून बंदरात ढकललेला पुतळा तेथे रंगाच्या डागांसह ठेवला आहे. शहराच्या वैभवाचा उगम समजण्यासाठी हे दालन वगळू नये.

शहराच्या उंचावरील क्लिफ्टन भागातला झुलता पूल शेवटी पाहावा. चढ तीव्र असल्याने वर जाताना बस घ्यावी आणि उतरताना चालत यावे. पुलावर पादचाऱ्यांना शुल्क नाही. वारा मात्र जोराचा असतो, म्हणून उन्हाळ्यातही जाकीट जवळ ठेवावे.