तिरकी रेघ

दुपारचं जेवण झालेलं, पंखा फिरतोय, लॅपटॉपवर या आठवड्याचं वाचन उघडलेलं. डोळे मिटायच्या बेतात असताना समोर येतं: 11 फेब्रुवारी 1731/2, सकाळी दहाच्या सुमारास. जॉर्ज वॉशिंग्टनच्या घरच्या बायबलातली ही जन्मनोंद. वेळ अगदी पत्रिका मांडता येईल इतकी चोख, आणि वर्ष मात्र दोन. मधे एक तिरकी रेघ.

अमेरिकेच्या सुरुवातीच्या इतिहासाचा ऑनलाइन कोर्स घेणाऱ्याने आधी या रेघेशी ओळख करून घ्यावी असं माझं मत आहे. 1607 चं जेम्सटाऊन, 1773 मध्ये बोस्टनच्या बंदरात फेकलेला चहा, 1787 ची राज्यघटना, हे सगळं व्हिडिओत नीट सांगतात. रेघ मूळ कागदांत गुपचूप पडलेली असते आणि निबंध लिहिताना पायात येते.

भानगड अशी, की 1752 पर्यंत इंग्लंड आणि त्याच्या वसाहती जुन्या ज्युलियन कॅलेंडरवर चालत आणि कायद्याने वर्ष बदलायचं 25 मार्चला. म्हणजे 31 डिसेंबर 1731 च्या दुसऱ्या दिवशी 1 जानेवारी 1731 च. लोक मात्र 1 जानेवारीलाही नवं वर्ष म्हणत. म्हणून जानेवारीपासून 24 मार्चपर्यंतच्या तारखांना सावध कारकून दोन्ही वर्षं लावी. चैत्रात शक, दिवाळीच्या पाडव्याला नव्या वह्या आणि 1 एप्रिलला हिशेबाचं वर्ष बदलणाऱ्या आपल्या माणसाला यात नवल वाटू नये. पण वाटतं. साहेब घड्याळासारखा चालतो, हे डोक्यात फार खोल बसलंय.

मग वर्ष 1 जानेवारीला सुरू करायचा आणि ज्युलियन सोडून नवं, म्हणजे आजचं, कॅलेंडर घ्यायचा कायदा झाला. त्याच्या नावात 1750 आणि संमती 1751 ची, म्हणजे त्यालाही रेघ लागलीच. 1751 हे वर्ष 25 मार्चला सुरू होऊन 31 डिसेंबरला संपलं, अवघ्या 282 दिवसांत. पुढच्या वर्षी 2 सप्टेंबरच्या बुधवारनंतर थेट 14 सप्टेंबरचा गुरुवार उजाडला. विशीतल्या वॉशिंग्टनचा जन्मदिवस नव्या हिशेबाने 22 फेब्रुवारी 1732 ला जाऊन बसला. आपल्याकडे तर शाळेत घालताना गुरुजींनी 1 जून टाकून दिलेल्यांची अख्खी पिढी आहे, त्यांना या प्रकाराचं काही वाटायचं नाही.

रेघ जिथे असते तिथे निदान सावध होता येतं. खरा घात होतो ती नसते तेव्हा. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमच्या चेटूक प्रकरणात टिटूबा, सेरा गुड आणि सेरा ऑस्बर्न या आरोपी बायकांची पहिली चौकशी 1 मार्च 1691/2 ची. कुठे नुसतंच 1691 लिहिलेलं भेटलं, तर विद्यार्थी वर्षभराचा हिशेब चुकतो. चौकशी मार्च 1691, पहिली फाशी 10 जून 1692, मग मधले पंधरा महिने गाव काय करत होतं यावर तो दोन परिच्छेद लिहितो, आणि छान लिहितो. प्रत्यक्षात अंतर सव्वातीन महिन्यांचं. पेनसिल्व्हेनियातले क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक तर महिन्यांची नावंच घेत नसत. जुन्या कागदात त्यांचा 'पहिला महिना' म्हणजे मार्च आणि 'बारावा' म्हणजे फेब्रुवारी. कुणी '7बर' लिहिलं असेल तर तो सप्टेंबर, जुलै नव्हे.

शिवाय शेजारी फ्रेंच आणि स्पॅनिश, त्यांनी नवं कॅलेंडर केव्हाच घेतलेलं. मॅसॅच्युसेट्सच्या डीअरफील्ड गावावर फ्रेंच आणि त्यांच्या मूळ अमेरिकी साथीदारांनी हल्ला केला, तो इंग्रजांच्या हिशेबात 29 फेब्रुवारी 1703/4 ला. फ्रेंचांच्या क्यूबेकमध्ये त्याच पहाटे 11 मार्च 1704 होता. तारखांत असं अंतर दिसलं की आधी दिवस मोजावेत. दोन कॅलेंडरांतला फरक सतराव्या शतकात 10 आणि अठराव्यात 11 दिवसांचा; तेवढेच जुळले, तर तो दुसरा हल्ला नव्हे, तोच.

निबंधात करायचं ते सोपं आहे. दिवस आणि महिना मूळ कागदातलाच ठेवायचा, वर्ष 1 जानेवारीपासून धरायचं आणि पहिल्याच तळटीपेत तसं एका वाक्यात सांगून टाकायचं. वॉशिंग्टन मग 11 फेब्रुवारी 1732. चुका बहुतेक हौसेने होतात: आधीच बदललेल्या तारखेत कुणी पुन्हा 11 मिळवतं, कुणी अर्ध्या निबंधात जुनं आणि अर्ध्यात नवं ठेवतं.

शिवजयंतीचा वाद मला या कोर्सच्या अंगाने फार गमतीचा वाटतो. फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 ची 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख ज्युलियनच आहे; नव्या हिशेबाने ती 1 मार्च. त्या काळच्या इंग्रजी वहीत तिला 1629/30 अशी रेघ लागली असती. तिथी की तारीख यावर आपण इतके भांडतो, पण कुठली तारीख, हे कुणी विचारत नाही.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे कोर्सचं स्वतःचं वेळापत्रक. चर्चेतली पोस्ट रविवारी रात्री 11:59 पर्यंत, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेने. इथे तेव्हा सोमवारी सकाळचे 9:29. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडचे काटे तासभर मागे जातात, की आपले 10:29. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तोच तास ते परत घेतात. थंडीभर 10:29 ची सवय लागलेला माणूस पोस्ट उशिरा टाकून बसतो तो तेव्हाच. कोर्स ज्या कॅनव्हास नावाच्या साइटवर चालतो तिच्या सेटिंग्जमध्ये आपला टाइम झोन निवडून ठेवला की मुदत इथल्या वेळेत दिसते. पहिल्या दिवशी एवढं तरी करावं.

वॉशिंग्टनच्या जन्मदिवसाची सरकारी सुट्टी 1971 पासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी असते. तिसरा सोमवार 15 ते 21 मध्येच येणार. म्हणजे 11 ला नाही आणि 22 ला तर कधीच नाही. काही कॉलेजं त्या दिवशी सुट्टी देतात. पोस्ट मात्र आदल्या रात्रीच टाकायची असते.